निळा ठिपका, लाल ठिपका

तिला सगळी गल्ली मासेवाली म्हणायची. मासे ती विकत नव्हती, कापत नव्हती, खातही नव्हती. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला एक इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर एक लांबलचक दमट खोली, आणि त्या खोलीत लोखंडी मांडण्यांवर प्लॅस्टिकच्या टाक्या ओळीनं लावलेल्या. टाक्यांत करंगळीपेक्षाही लहान, अंगावर निळे पट्टे असलेले मासे. त्यांना खाऊ घालणं, पाणी बघणं, टाक्या घासणं, मेलेले उचलणं हे तिचं काम. नळावर एखादी तरी विचारायचीच, "काय मासेवाली, आज काय आणलंस आमच्यासाठी?"

"आणले असते गं," ती म्हणायची, "पण तुझ्या कढईत टाकले तर तेलात हरवतील. मग तू मलाच चोर म्हणशील."

बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. नाकावर राग, जिभेवर धार. पण त्या खोलीत ती नोकरी मागायला गेली नव्हती, भांडायला गेली होती. ते आधी सांगायला हवं.

तिचा पहिला मुलगा मान धरायच्या आधीच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची भिंत पातळ होती. पातळ म्हणजे कशी, कशानं, यावर त्यांनी खांदे उडवले. मग चिमणी झाली. चिमणी रांगली, चालली, बडबडली, शाळेतही जायला लागली, आणि मग एक दिवस जिन्यात मधेच बसली ती उठेना. तीच भिंत, तेच पातळपण, फक्त हिला जरा सवलत मिळालेली. दवाखान्यातल्यांनी आईचं, बापाचं आणि पोरीचं रक्त घेतलं आणि म्हणाले, विद्यापीठात पाठवतो, तिथं याच्यावर संशोधन चाललंय. रक्त गेलं. रक्तामागून काहीच आलं नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही, माणूस नाही. ती दवाखान्यात विचारायची, ते म्हणायचे विद्यापीठाला विचारा.

म्हणून ती विद्यापीठाच्या फाटकावर गेली. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"माझ्या रक्ताला," ती म्हणाली. "इथं ठेवलंय म्हणतात. बरं आहे ना, बघून जाते."

पहारेकरी गडबडला. त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. पण ती हलेना, आणि तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. शेवटी वरून प्रयोगशाळेच्या प्रमुख स्वतः उतरून आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पिकलेले आखूड केस, पायात कापडी बूट. त्यांनी तिला हाकललं नाही, हे त्यांच्या नावावर जमा धरायला हवं. वर नेलं, स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला.

आत काचेसारखं आरपार पिल्लू होतं, स्वल्पविरामाएवढं. त्याच्या छातीत काहीतरी उघडझाप करत होतं.

"हृदय," मोठ्या बाई म्हणाल्या. "आईच्या पोटात बाळ कसं घडतं ते आपल्याला दिसत नाही. माशाचं अंडं पाण्यात असतं आणि आरपार असतं, म्हणून इथं दिसतं. तुमच्या रक्तात आम्हाला एका जनुकात खोट सापडली. तुमच्याकडे अर्धी, तुमच्या यजमानांकडे अर्धी. अर्धीनं काही होत नाही, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट. दोन्ही अर्ध्या एकाच बाळात आल्या की भिंत पातळ राहते. तीच खोट आम्ही या माशांत आणलीय."

"आणि औषध?"

"तेच शोधतोय. वेळ लागेल."

"मग मला इथं ठेवून घ्या," ती म्हणाली. "तुम्ही शोधताय की नुसता चहा पिताय, ते मला बघायचंय."

मोठ्या बाई हसल्या. मासे सांभाळणारा माणूस नुकताच काम सोडून गेला होता. अशी ती मासेवाली झाली.

कामातली एक गोष्ट तिला फार जड गेली. पिल्लं हवी असली की संध्याकाळी एक नर आणि एक मादी छोट्या डब्यात सोडायचे आणि मधे पारदर्शक पट्टी घालायची. सकाळी दिवे लागले की ती पट्टी काढायची. दोघं एकमेकांकडे धाव घेतात आणि अंडी जाळीतून खाली पडतात. आजारी पिल्लं मिळवायची तर दोघंही अर्धी खोट असलेलेच लागतात. म्हणजे ती आणि तिचा नवरा. पहिल्या सकाळी ती पट्टीला हात लावून नुसती उभी राहिली.

"मावशी, काढा ना," मागून भिंगवाली म्हणाली.

भिंगवाली म्हणजे तिथं डॉक्टरेट करणारी मुलगी. दिवसभर भिंगात डोळा, त्यामुळे डोळ्याभोवती गोल वळ उठलेला. हडकुळी, जेवणाची शुद्ध नाही, हाताला सतत कसल्यातरी रसायनाचा वास.

"यांना कुणी सांगितलंय का?" मासेवालीनं विचारलं.

"माशांना काय सांगणार, मावशी?"

"आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिनं पट्टी काढली.

मग रोजच काढू लागली. मनाशी एकच हिशेब होता. आजारी पिल्लं झाल्याशिवाय औषध सापडायचं नाही, आणि औषध सापडल्याशिवाय चिमणी राहायची नाही. दवाखान्याच्या गोळ्या अंगातलं पाणी तेवढं ओढून काढायच्या. हृदय बदलण्याचं एकदा निघालं होतं, पण ती चिरफाड सोसायची ताकद हिच्यात नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. उरली होती ती ही खोली.

हळूहळू ती त्या खोलीची मालकीण झाली. भिंगवालीला दम भरायची, "आधी खाऊन घे, मासे काही पळून जात नाहीत." वरच्या मजल्यावरचे साहेब लोक बूट न बदलता आत आले तर त्यांना दारातूनच परत पाठवायची. त्यातले दोघेतिघे तिला पाण्यात पाहायचे. ती म्हणायची, पाहू देत, मी दिवसभर दुसरं काय बघते?

घरी चिमणी वाट बघत असायची. नऊ वर्षांची, ओठ कायम जांभळट, थंडी वाजल्यासारखे. बाप गवंडी. सकाळी तो तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा आणि तसाच कामावर जायचा. पोरगी आईवर गेलेली. वर्गातल्या कुणीतरी "तू पळत का नाहीस" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझ्याकडे घोडा आहे. तुझ्याकडे आहे का?" संध्याकाळी आई आली की पहिला प्रश्न, "माझे मासे काय म्हणतात?"

"तुझी चौकशी करत होते. म्हणाले, ती अभ्यास करते का?"

"खोटारडी," चिमणी म्हणायची. "मासे बोलतात होय?"

औषधांची तपासणी सुरू झाली तेव्हा मासेवालीवर आणखी एक काम आलं. भिंगवाली अंडी वर घेऊन जायची, तिच्या खोलीत त्यांच्यात काय घालायचं ते घालायची, आणि ती काचेच्या छोट्या डिशमधून खाली उबदार कपाटात यायची. डिशच्या झाकणावर रंगाचा ठिपका. मासेवालीनं रोज पाणी बदलायचं, मेलेली उचलायची, आणि कुठल्या ठिपक्याची पिल्लं फुगली, कुठल्या ठिपक्याची तरली, ते सांगायचं. कुठल्या ठिपक्यात काय आहे हे मात्र बघणाऱ्याला सांगायचं नाही, असा तिथला नियम.

नियम ऐकून तिचं डोकं तापलं. "म्हणजे मी चोर?"

"तसं नाही हो," भिंगवाली म्हणाली. "माणसाचा डोळाच लबाड असतो. जिथं आशा असते तिथं मेलेलंही हलताना दिसतं. माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही, म्हणून तर तुम्हाला बघायला देते."

यावर ती शांत झाली. आपल्या डोळ्यांवर कुणी भरवसा टाकलाय, हे तिला आवडलं.

पुष्कळ रंग आले आणि गेले. सगळ्या रंगांतली काही पिल्लं तिसऱ्या दिवशी छातीशी फुगायची, पाण्याचा बुडबुडा अडकल्यासारखी, आणि मग आडवी व्हायची. ती त्यांना नळीनं ओढून काढायची, डिश घासून पालथी घालायची. मग एकदा निळा ठिपका आला, त्याच्या जोडीला लाल. लालमधली काही नेहमीसारखी फुगून मेली. निळ्यातलं एकही फुगलं नाही. तिला वाटलं, या डिशमध्ये आजारी पिल्लं आलीच नसतील. पुन्हा निळा आला, पुन्हा तेच. तिनं आपलं खरं तेवढं सांगितलं. अंदाज बोलून दाखवला नाही.

मग एका दुपारी भिंगवाली धावत खाली आली. हात धरून तिला वर ओढत नेलं आणि भिंगासमोर बसवलं. आत पिल्लाचं हृदय उघडझाप करत होतं, गडबड न करता.

"याच्यात दोन्ही अर्ध्या आहेत," भिंगवाली म्हणाली. "पक्कं तपासलंय. आजारी आहे, तरी भिंत नीट झाली. निळा म्हणजे औषध, मावशी. मी तुम्हाला सांगायला नको होतं. पण मला राहवलं नाही. वाचले ते."

मासेवाली स्टुलावरून उठली. तिनं भिंतीला हात टेकला. त्या पोरीनं तिला मिठी मारली, तेव्हा तिच्या बरगड्या हाताला लागल्या आणि मासेवालीच्या मनात आलं, हिला आज नीट जेवायला घालायला हवं.

त्या पोरीनं अर्धाच नियम मोडला होता. निळा सांगितला, लाल सांगितला नाही. मासेवालीनंही विचारलं नाही. लाल म्हणजे दुसरं कुठलंतरी वाया गेलेलं औषध, असा अर्थ तिनं आपल्या मनानंच लावून टाकला. ज्या डोळ्यांवर सगळ्यांचा भरवसा होता ते डोळे त्या दुपारी मिटले, आणि तिला कळलंही नाही.

घरी जाताना तिनं बांधकामावर वाट वाकडी केली. नवरा बांबूच्या परांचीवर उभा राहून गिलावा करत होता. तिनं खालून हाक मारली, "अहो, सापडलं." तो खाली उतरला, चुन्याचे हात पुसत वाळूच्या ढिगावर बसला. मुळातच कमी बोलणारा माणूस. मग म्हणाला, "चल. आज काम बास."

चिमणीला तिनं मांडीवर घेऊन सांगितलं. चिमणीनं आधी शहानिशा केली. "कडू आहे का?"

"मासे तर काही बोलले नाहीत."

"मला पळता येईल?"

"येईल."

"जिन्यावरून?"

"जिन्यावरून पळायला मी देणार नाही. मैदानात पळ."

दुसऱ्या दिवशी चिमणीनं शाळेत जाहीर करून टाकलं, की पुढच्या वर्षीच्या शर्यतीत तीही आहे. नळावर मासेवालीनं सगळ्यांना सांगितलं. ज्या बाया तिला तेलातल्या माशांवरून छळायच्या, त्यातल्या एकीनं डोळ्यांना पदर लावला. दिवसभर गल्ली तिच्याशी नरमाईनं बोलत होती. तिला ते जरा चमत्कारिकच वाटलं.

मग दिवस जायला लागले. औषध काही येईना. भिंगवाली आकडे मांडत होती, मोठ्या बाई कुठल्याशा परिषदेला गेल्या होत्या. खाली निळ्या आणि लाल डिश येतच होत्या. चिमणीच्या पायांची सूज आता सकाळीही उतरत नव्हती. ती झोपायची ती उशा रचून, अर्धी बसून. बाप तिला शाळेत न्यायचा बंद झाला, कारण खांद्यावर बसूनही तिला धाप लागायची. "आई, मासे विसरले का गं मला?" असं तिनं विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मासेवाली टाक्यांना खाऊ न घालता सरळ वर गेली.

मोठ्या बाई परतल्या होत्या. भिंगवालीही तिथंच होती. मासेवालीनं दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सुरुवात केली.

"बाई, तुमच्या शोधाचा कागद कधी छापायचा तो छापा. माझ्या पोरीला औषध आज द्या. तपासलेलं नाही म्हणाल, तर मी सही देते, तिचा बापही देईल. मेली तर तुमच्या नावानं बोंब मारणार नाही. तशीही मरतेच आहे ती."

मोठ्या बाईंनी भिंगवालीकडे पाहिलं. भिंगवालीची मान खाली गेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं, की तिला देता येईल?" मोठ्या बाईंनी हळू विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? डोळे आहेत मला. निळी जगतात. लाल मरतात. लालमध्ये ते औषध नाही."

मग भिंगवालीच म्हणाली, खाली बघत, "मावशी, लालमध्येही तेच औषध आहे. निळ्यात जेवढं, तेवढंच."

"मग मरतात का?"

"उशिरा घातलेलं आहे."

"किती उशिरा?"

"निळ्यात अंडं पडल्यावर लगेच घालतो. हृदय घडायच्या आधी. लालमध्ये दुसऱ्या दिवशी."

मासेवाली उभी होती तशीच उभी राहिली. मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. त्या बोलायला लागल्या, की भिंत घडते तेव्हाच औषध उपयोगी पडतं, घडून गेल्यावर त्याला करण्यासारखं काही उरत नाही, माणसात तर ते आईच्या पोटातच द्यावं लागेल, आणि तेही अजून फार लांब आहे. बोलता बोलता त्या धीर द्यायला म्हणून म्हणाल्या, "पण तुम्ही अजून तरुण आहात. पुढच्या बाळाच्या वेळी कदाचित..."

"पुढचं," मासेवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून त्या दोघी जास्तच घाबरल्या. "बाई, घरात एक आहे माझं. त्याचं नाव घ्या."

मोठ्या बाईंना ते नाव ठाऊक नव्हतं. माशांच्या टाक्यांवर आकडा होता, रक्ताच्या नळीवर आकडा होता. नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या वाईट नव्हत्या. पण विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

भिंगवाली रडत तिच्यामागे जिन्यापर्यंत आली. "मावशी, माझी चूक झाली. मी सगळं सांगायला हवं होतं, नाहीतर काहीच नको होतं. मला वाटलं, तुम्हाला जरा बरं वाटेल."

"वाटलं ना," मासेवाली म्हणाली. "बरंच वाटलं. आख्ख्या गल्लीला वाटलं." मग पायरीवर थांबून, मागं न बघता, "जा, तोंड धू. आणि डबा उघड, कालचा तसाच असेल."

खाली आल्यावर तिनं कपाट उघडलं. निळ्या डिश होत्या, लाल होत्या. लालमधली काही पिल्लं फुगायला लागली होती, एकाच जागी थरथरत होती. इतके दिवस ती यांना ओढून काढत होती, डिश घासून पालथी घालत होती. विचारत होती त्याचं उत्तर रोज तिच्याच हातातून मोरीत जात होतं. तिनं निळ्यांचं पाणी बदललं. मग लालचंही बदललं, जगणाऱ्यांचं बदलतात तसंच, सावकाश, धक्का न लावता. मग टाक्यांना खाऊ घातला, कारण ते उपाशी होते आणि त्यांचा यात काही दोष नव्हता.

नवऱ्याला तिनं खाली, जिन्याजवळच्या ओट्यावर बसून सांगितलं. डिश, ठिपके, दुसरा दिवस, सगळं. तिला वाटलं होतं समजावावं लागेल. तो ऐकून घेत हाताची नखं कोरत होता, त्यात चुना अडकलेला असायचा.

"पाया भरतानाच घालायचं होतं ते," तो म्हणाला.

"हं."

"भिंत वर आल्यावर मग..." त्यानं बोटांवरचा चुना झटकला आणि म्हणाला, "मी सांगू का तिला?"

"नको. सांगितलं मी, तर मोडायचंही मीच."

चिमणी उशांना टेकून बसली होती. खिडकीतून खालची पोरं खेळताना दिसत होती आणि ती त्यांच्यातल्या एकाला वरून सूचना देत होती, धाप लागेल तितक्या हळू आवाजात, म्हणजे त्याला काही ऐकू जात नव्हतं. आई जवळ बसल्यावर तिनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूचना थांबवल्या.

"मासे मेले का?"

"नाही. चांगले आहेत."

"मग?"

मासेवालीनं आयुष्यात कुणाला सांगताना शब्द शोधला नव्हता. आता शोधत होती. "ते औषध ना, अगदी छोट्या पिल्लांना लागू पडतं. अंड्यात असतात तेवढ्यांना. तू मोठी झालीस."

"मी मोठी नाहीये. वर्गात सगळ्यात बुटकी आहे मी."

"त्या मानानं मोठी."

चिमणी विचार करत राहिली. शाळेतली शर्यत, बाकावरच्या मैत्रिणीला दिलेला शब्द, सगळं तिच्या तोंडावरून सरकताना आईला दिसत होतं. तिला वाटलं, आता रडेल. चिमणी रडली नाही. तिला राग आला. आईसारखाच, नाकावर.

"मग मला सांगितलंसच कशाला?"

नळावर, फाटकावर, साहेबांसमोर जिचं तोंड कधी बंद पडलं नाही, ती पोरीच्या पलंगाच्या कडेवर मुकाट बसून राहिली. चिमणीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढं वळतानाही तिला दोनदा थांबावं लागलं. बाहेर पोरांचा खेळ संपला, त्यांच्या आया हाका मारायला लागल्या. बाप दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

खूप वेळानं, तोंड भिंतीकडेच ठेवून, चिमणी म्हणाली, "पाय ठणकतायत."

मासेवाली पायाशी सरकली. तिनं पोरीचे पाय मांडीवर घेतले आणि घोट्यापासून वर हलके हलके चोळायला लागली. सुजेनं कातडी ताणून चकाकत होती. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तिथंच राहायचा. ती थांबायची, तो भरून येईपर्यंत बघत बसायची, मग पुढच्या जागेवर हात ठेवायची. चिमणी अजून रागावलेलीच होती, पण तिनं पाय ओढून घेतला नाही.